५५५ टायमर, पहिला रेझिस्टर आणि १.२ सेकंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. माझ्या लेखात ५५५ या टायमर आयसीने (ठरावीक वेळाने चालू-बंद करणाऱ्या चिपने) एलईडी लुकलुकवणारे मंडल दिले होते : पहिला रेझिस्टर १० किलोओहमचा, दुसरा ६८ किलोओहमचा आणि कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा. आपले म्हणणे थोडक्यात असे की, सूत्राप्रमाणे (०.६९३ × (पहिला रेझिस्टर + दुसऱ्याची दुप्पट) × कॅपॅसिटर) एलईडीचे आवर्तन, म्हणजे एकदा पेटून विझण्याचा काळ, एका सेकंदाचे यायला हवे होते, ते आपल्याकडे सुमारे १.२ सेकंदांचे आले, म्हणून सूत्रच चुकीचे आहे. पहिल्या रेझिस्टरच्या जागी सरळ तार जोडली की चालू आणि बंद काळ समान होतो, हे मी सांगायला हवे होते, अशी आपली सूचना आहे. आणि आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) काळात ५५५ शिकवणे कालबाह्य आहे, असेही आपण म्हणता. मी मधल्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण ती वाचून कुणी तशी जोडणी केली तर आयसी जळू शकतो.

सात क्रमांकाच्या पिनमागे आयसीच्या आत एक ट्रान्झिस्टर असतो आणि कॅपॅसिटर रिकामा करण्याच्या वेळी तो ही पिन ग्राउंडला जोडतो. पहिला रेझिस्टर पुरवठा आणि ही पिन यांच्यामध्ये असतो. तो काढून तार लावली, तर प्रत्येक आवर्तनात पुरवठा त्या इवल्याशा ट्रान्झिस्टरमधून थेट ग्राउंडला जाईल. नऊ व्होल्टची छोटी बॅटरी फार प्रवाह देऊ शकत नसल्यामुळे कदाचित काही काळ निभावेल. अ‍ॅडॉप्टरवर मात्र धडगत नाही. पहिल्या रेझिस्टरच्या जागी किमान एक किलोओहम ठेवावाच. कॅपॅसिटर भरतो दोन्ही रेझिस्टरांमधून आणि रिकामा होतो फक्त दुसऱ्यातून, त्यामुळे चालू काळ नेहमीच जास्त राहतो. पण लेखातल्या १० आणि ६८ किलोओहमच्या जोडीत तो ०.५४ सेकंद आणि बंद काळ ०.४७ सेकंद येतो, म्हणजे फरक डोळ्यांना जेमतेम जाणवेल. समानता हवीच असेल तर दोन्ही रेझिस्टर ६८ किलोओहमचे घेऊन दुसऱ्याला समांतर असा १एन४१४८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), पट्टीचे टोक कॅपॅसिटरकडे ठेवून जोडावा, म्हणजे भरताना प्रवाह दुसऱ्या रेझिस्टरला वगळून जाईल. डायोडवर थोडा व्होल्टेज खर्च होत असल्याने भरण्याचा काळ तरीही काहीसा लांबतो, आणि पुरवठा जितका कमी तितका अधिक. ५५५ चीच सीमॉस जातीची आवृत्ती असलेला ७५५५ वापरून तीन क्रमांकाच्या पिनपासून कॅपॅसिटरपर्यंत एकच रेझिस्टर लावणे मला अधिक सुबक वाटते.

आता १.२ सेकंदांविषयी. आयसीमधले पाच-पाच किलोओहमचे तीन रेझिस्टर पुरवठ्याचे तीन समान भाग करतात आणि कॅपॅसिटर एकतृतीयांश ते दोनतृतीयांश यांच्यामध्ये वरखाली होत राहतो. रिकामा होताना व्होल्टेज बरोबर निम्मा होतो, म्हणून सूत्रात ०.६९३, अर्थात दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम येतो आणि पुरवठ्याचा व्होल्टेज येतच नाही. नऊऐवजी सहा व्होल्ट देऊन पाहा : प्रकाश मंदावेल, वेग जवळजवळ तोच राहील. दोष सूत्रात नसून इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये आहे. अंगावर १० मायक्रोफॅरड छापलेल्या अशा कॅपॅसिटरला सर्वसाधारणपणे वीस टक्के कमीजास्त असण्याची मुभा असते, आणि १२ मायक्रोफॅरड धरून गणित केले तर उत्तर १.२१ सेकंद येते. त्याऐवजी एक मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर आणि दुसरा रेझिस्टर ६८० किलोओहमचा घेतला, तर आवर्तन ०.९५ सेकंदाच्या आसपास येईल. हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात.

कालबाह्यतेचा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स या कंपनीसाठी आखलेला हा आयसी १९७२ मध्ये बाजारात आला, आणि जिथे सेकंद काटेकोर हवा तिथे आज क्रिस्टल असलेला मायक्रोकंट्रोलरच (आर्डुइनोवर असते तशी प्रोग्रामवर चालणारी चिप) वापरावा. परंतु त्यात विलंब हा प्रोग्राममधला एक आकडा असतो. तो नेमका कुठे घडतो हे मीटर लावून दाखवता येत नाही. ५५५ मध्ये ते दाखवता येते. लेखातल्या मंडलात १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावून आवर्तन दहा सेकंदांचे करा आणि त्यावर डिजिटल मीटर धरा (काट्याचा जुना मीटर नको, तो स्वतःच कॅपॅसिटरमधून प्रवाह ओढून वेळ बिघडवतो). नऊ व्होल्टच्या पुरवठ्यावर आकडा तीनपासून सहापर्यंत चढताना आणि पुन्हा उतरताना दिसेल. फक्त पहिल्या खेपेस एलईडी साडेपाचऐवजी साधारण साडेआठ सेकंद पेटलेला राहील, कारण तेव्हा कॅपॅसिटर तीनपासून नव्हे तर शून्यापासून भरत असतो; त्यावरून सूत्राला पुन्हा दोष देऊ नये, ही विनंती.