स्वस्तात शिकायचंय? मग आधी पैसे जमवा

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, सीईटीचे पर्सेंटाइल भावकीत सांगून झाले आणि केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पुण्याचं कॉलेज लागलं. अभिनंदन! आता पुढची चार वर्षं तुम्हाला एक गोष्ट भरपूर आणि फुकट मिळणार आहे, ती म्हणजे काटकसरीचा सल्ला. मामा देतील, निवृत्त मुख्याध्यापक देतील, रीलमधला तुमच्याच वयाचा गुंतवणूकतज्ज्ञ देईल. सगळ्यांची सुरुवात चहापासून होते. बाहेरचा चहा सोडा, रोजचे दहा-दहा रुपये वाचवा आणि वर्षाकाठी किती होतात बघा. बघितले. दिवसाला दोन चहा धरले तर सात हजार तीनशे. कॉलेजच्या एका वर्षाच्या फीपुढे हा आकडा लाजून उभा राहील, पण सल्ला देणाऱ्याला फी कुठे भरायची असते? तेव्हा आधी चहा सोडा, मग पुढचं बोलू.

सोडलात? छान. आता बजेट.

हल्ली ५०-३०-२० असं एक सूत्र फार चालतं. निम्मे पैसे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. समजा घरून महिन्याला सात हजार येतात. (सोयाबीनला भाव नाही मिळाला तर सहाच येतील, पण सूत्रात सोयाबीनला जागा नाही, म्हणून सातच धरू.) गरजांच्या वाट्याला साडेतीन हजार आले. त्यातले तीन हजार पेठेतल्या कॉटला गेले, उरले पाचशे. मेसचे दोन वेळचे तीन हजार अजून द्यायचेत. घाबरू नका. जेवण ही हौस आहे असं समजा, कारण हौसेच्या खात्यात एकवीसशे नुसते पडून आहेत. पाचशे नि एकवीसशे मिळून सव्वीसशे झाले, कमी पडणारे चारशे बचतीतून उचला. बचतीत हजार उरतात. त्यात बसचा पास, रिचार्ज, झेरॉक्स, साबण आणि केस कापणं बसवा. म्हणजे गरज म्हणून झोपलात, हौस म्हणून जेवलात आणि बचतीतून जर्नलच्या झेरॉक्स काढल्यात. सूत्र कुठेही मोडलं नाही.

फक्त महिना कुणाचा धरायचा, ते आधी ठरवून घ्या. मोबाइल कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, त्यामुळे तिच्या वर्षात तेरा महिने येतात. कॉटमालकाचा महिना एक तारखेला सुरू होतो आणि पाच तारखेला त्याचा आवाज चढतो. घरचा महिना मात्र विकलेल्या मालाच्या पैशांची आडतीची पट्टी हातात पडली की सुरू होतो. या तिन्ही महिन्यांचा मेळ घालणं हेच खरं अर्थशास्त्र. तुम्ही इंजिनिअरिंगला असलात तरी ते शिकून निघाल.

कॉट म्हणजे काय, हे गावाकडे नीट सांगत नाहीत. कॉट म्हणजे खोली नव्हे. खोलीत चार कॉट असतात. त्यातला एक, भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा आणि एक खिळा एवढं तुमचं. बघायला जाल तेव्हा मालकांशी गोड बोलत बोलत पंखा नेमका कुठल्या कॉटवर आहे आणि चार्जिंगचा बोर्ड कुठे आहे, एवढं बघून ठेवा. बाकी काही बघण्यासारखं नसतं. डिपॉझिट दोन महिन्यांचं, लाइटबिल डोकी मोजून, गरम पाणी सकाळी ठरल्या वेळेत, आणि इस्त्री सापडली तर जप्त. डिपॉझिट परत मिळतं का, असा प्रश्न लगेच विचारू नका, वाईट दिसतं. खोली सोडताना रंगकामाचा विषय निघतो, तेव्हा उत्तर आपोआप मिळतं.

पावती मात्र चुकूनही मागू नका. पुण्यातला कॉटमालक फार अलिप्त माणूस असतो. दोन मजल्यांवर मिळून वीस-पंचवीस मुलं झोपत असली तरी कागदोपत्री त्याच्याकडे कुणीच राहत नाही. २०२४ च्या जूनमध्ये जीएसटी परिषदेने कॉलेजच्या आवाराबाहेर राहणाऱ्यांसाठी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला करातून सूट दिली, अट इतकीच की सलग ९० दिवस तरी राहायला हवं. आमच्या ओळखीच्या एका मालकांना ही बातमी सांगितली तर ते म्हणाले, “हा कर होता होय?”

पावतीचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तर आता सरकारी मदतीकडे वळू, कारण सरकार तुम्हाला पैसे द्यायला अगदी उतावीळ आहे.

शिष्यवृत्तीला हुशारी लागते हा गैरसमज आहे. स्कॅनर लागतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, त्याला जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधारला जोडलेलं बँकखातं, आणि मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर ते वाया गेल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. उत्पन्न तेवढंच राहतं, पण गरिबी दरवर्षी ताजी लागते. प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा मुद्रांक आणायला सांगतील. शंभरचा होता तो २०२४ मध्ये पाचशेचा झाला. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे ही गोष्ट खरी, पण ती खिडकीवर ऐकवून कुणाचं काम लवकर झाल्याचं ऐकिवात नाही. मुकाट्याने आणा. तालुक्याला दोन खेपा होतील, वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडेल. ती बजेटात दाखवायची नसते.

आता गंमत बघा. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांची निम्मी शिकवणी फी सरकार भरतं, म्हणजे प्रवेश घेताना तुमच्याकडून उरलेली निम्मीच घ्यायला हवी. काउंटरवरचे साहेब म्हणतील, “आत्ता पूर्ण भरा, सरकारकडून आली की वळती करू.” त्यांच्यावर चिडू नका. निम्मी फी माफ व्हायची असेल तर पूर्ण फी खिशात असावी लागते, हा साधा व्यवहार आहे. ज्यांच्याकडे पूर्ण फी नाही त्यांनी ती व्याजाने आणावी; सवलतीतली अर्धी रक्कम तेवढ्यात संपते आणि हिशेब चोख राहतो.

अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, राहणं-जेवण-निर्वाह सगळं धरून. उत्तम योजना आहे, खोटं कशाला बोला. फक्त तुम्ही इथले नाही आणि इथे भाड्याने राहता, हे दोन्ही सिद्ध करायचं. आता वर सांगितलेले मालक आठवा. तुम्ही त्यांच्याकडे राहता हे जगात फक्त त्यांनाच सिद्ध करता येतं आणि त्यांच्याकडे तर कुणीच राहत नाही. थोडक्यात, भाडं देण्यासाठी मदत हवी असेल तर भाडेकरार करून देणारा मालक शोधायचा, आणि असा मालक ज्या भाड्याला मिळतो ते परवडत असेल तर मदतीची गरजच उरत नाही.

मुलींनी तर काळजीच करू नये. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी आणि एसईबीसीतल्या (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४ च्या जुलैपासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. शिक्षण फुकट! उरतं ते विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, प्रवास, डिपॉझिट आणि “एकटी कशी राहील” ही घरची चिंता. या शेवटच्या बाबीचा खर्च सर्वांत जास्त. मुलगा आठशे कमी म्हणून बोळातल्या तिसऱ्या मजल्यावरची कॉट घेतो. मुलीला दारावर वॉचमन, नऊच्या आत गेट बंद आणि बसस्टॉप जवळ, एवढं सगळं विकत घ्यावं लागतं. वर गेट नऊला बंद होतं म्हणून रात्रीच्या अभ्यासिकेचे पैसे वाचतात, हा फायदा वेगळा.

मेसविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण माणूस शेवटी तिथेच घडतो. पहिल्या आठवड्यात मेस चांगली असते. वरणात डाळ असते. दुसऱ्या महिन्यात वरणाचा रंग तोच राहतो. बटाटा सोमवारी कोरडा येतो, मंगळवारी रश्श्यात, बुधवारी मटकीच्या सोबतीला. गुरुवारी त्याला विश्रांती मिळावी म्हणून वांगं येतं आणि तुम्हाला बटाट्याची आठवण येते. रविवारी दुपारी फीस्ट म्हणून श्रीखंड किंवा गुलाबजाम, आणि त्याच्या बदल्यात रविवारी रात्री मेस बंद. म्हणून जाणते विद्यार्थी रविवारी दुपारी अडीचच्या बेताने जेवायला बसतात आणि सोमवार दुपारपर्यंतचं बघून घेतात.

खाड्याचा नियम मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्या. गावी गेलात तर न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होतात, पण सलग अमुक दिवस गेलात तरच आणि आदल्या दिवशी सांगून गेलात तरच. दोन दिवसांसाठी गेलात तर तुम्ही घरी आईच्या हातचं जेवता आणि त्याच वेळी पुण्यातल्या मेसमध्येही जेवता. तेव्हा गावी जायचं तर सणाला न जाता खाडा बसेल अशा बेताने जावं. आजी आजारी असली तरी तिने शक्यतो आठवडाभर तरी आजारी असावं.

गाव सासवड, भोर अशा टापूत असेल तर एसटीचा डबा हा सर्वांत स्वस्त मार्ग. पहाटेच्या गाडीत कुणीतरी डबा ठेवतं, स्टँडवर तुम्ही तो उतरवून घेता. एक ओळखीचा कंडक्टर आणि एक न गळणारा डबा, बाकी भांडवल लागत नाही. आई चारला उठते, पण तिच्या उठण्याचा दर कुठल्याच तक्त्यात दिलेला नाही, त्यामुळे हा डबा फुकट पडतो.

एवढं करूनही भागलं नाही तर कमवा. अनेक कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना असते. ग्रंथालयात पुस्तकं लावायची, बागेला पाणी घालायचं, कार्यालयात फायली हलवायच्या. तासावर पैसे मिळतात, तेही बिल पास होऊन येतील तेव्हा. फायली तुम्हीच हलवत असल्याने आपली कुठे अडकलीय एवढं तरी कळतं. त्याहून झटपट हवे असतील तर पाठीवर डिलिव्हरीची बॅग घ्या. रात्री दोनपर्यंत दुसऱ्यांची बिर्याणी पोचवा आणि सकाळी साडेआठच्या प्रॅक्टिकलला हजर राहा, कारण हजेरी ७५ टक्के भरली नाही तर सबमिशन अडतं. सबमिशन अडलं की परीक्षेचा फॉर्म लांबतो, मग विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब शुल्क. म्हणजे फी भरायला काम केलं आणि काम केल्याबद्दल फी भरली.

या सगळ्यात एखादे काका तुम्हाला कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाखला देतील. त्या काळी पोरं कशी शिकली बघा, म्हणतील. जरूर बघा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. किती उधळे लोक! खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं की त्याला पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, अशी त्यांची भाबडी समजूत होती. त्यावर त्यांनी संस्थानाची तिजोरी आणि घरातलं सोनं घातलं. चहा सोडा म्हणून सांगितलं असतं तर एवढा खर्च टळला असता.

पुस्तकांवर फार वेळ घालवत नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, सिनिअरकडून त्याहून स्वस्त मिळतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पीडीएफ फुकट येते. कॉलेजच्या ग्रंथालयाने घेतलेली अनामत मात्र शेवटच्या वर्षी आठवणीने मागा. ती मिळण्यासाठी पहिल्या वर्षाची मूळ पावती लागते. ती तुम्ही जपून ठेवली असेलच, कारण पुण्यात तुम्हाला मिळालेली ती एकमेव पावती असेल.

आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरून झाला की रोज उठून पोर्टल बघत बसू नका. आधी तो कॉलेजच्या स्क्रुटिनीत असतो, मग वरच्या कार्यालयात जातो, तिथून एखाद्या दाखल्यावरचा शिक्का पुसट आहे म्हणून परत येतो, पुन्हा जातो. पैसे बहुधा येतात. कधी पुढच्या वर्षी येतात, कधी तुम्ही पदवी घेऊन नोकरी शोधायला लागल्यावर येतात. तोवर खातं निष्क्रिय होऊ नये म्हणून अधूनमधून त्यात शंभर रुपये टाका आणि काढा. आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तोही बदलू नका, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. त्याचा पॅक अठ्ठावीस दिवसांनी संपतो. रिचार्ज मारत राहा.