अपेक्षित उत्तर

पाठ टाचण, म्हणजे शिकवण्याआधी शिक्षकाने लिहायची पाठाची आखणी, लिहिण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आलेला नाही, त्यांना त्यातील नाट्य कळणे कठीण आहे. वर्गात शिक्षकाने काय विचारायचे हे टाचणात लिहिलेले असतेच, परंतु त्याच्या शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्याने त्यावर काय उत्तर द्यायचे आहे, हेही आदल्या रात्री आपणच लिहून ठेवायचे असते. मी डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षाला असताना (घरातले सगळे अजून त्याला डी.एड.च म्हणतात) हा रकाना मोठ्या विश्वासाने भरत असे.

या विश्वासाला कारण सूक्ष्म अध्यापन होते. त्यात सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे चुका ऐकायच्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा आणि मग तोच पाठ पुन्हा घेऊन पुन्हा चुका ऐकायच्या, असे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. समोर बसलेले 'विद्यार्थी' म्हणजे आपलेच सहाध्यायी. पुढच्या पाठात आपल्यालाही त्यांच्यासमोर उभे राहायचे आहे या जाणिवेने मिशा फुटलेली मुलेसुद्धा तिसरीत असल्यासारखी हात वर करून, टाचणात लिहिलेलेच उत्तर पूर्ण वाक्यात देत असत.

माझा पहिला खरा सराव पाठ तलावपाळीजवळच्या एका शाळेत, तिसरीच्या 'अ' तुकडीवर होता. विषय मीच हट्टाने निवडला होता: भारतातील पहिली प्रवासी रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदरहून निघाली आणि ३४ किलोमीटर धावून आमच्या ठाण्यात पोहोचली. ठाण्याच्या मुलांना यापेक्षा जवळचा विषय कोणता असणार? बाबांनी बुटांच्या खोक्याचे एक इंजिन करून दिले. आम्ही कळव्याला राहतो, म्हणजे प्रवास एकाच स्थानकाचा. परंतु सकाळी आठ वाजता रेल्वेचे इंजिन हातात घेऊन रेल्वेत चढणे किती अवघड आहे, हे शैक्षणिक साहित्याच्या प्रकरणात कोणी लिहिलेले नाही. ठाण्याला उतरले तेव्हा इंजिनाचे धुराडे महिलांच्या डब्यातच राहिले होते.

प्रस्तावनेचा नियम असा की विषयाचे नाव शिक्षकाने उच्चारायचे नाही. प्रश्न विचारत विचारत ते मुलांच्याच तोंडून काढून घ्यायचे आणि मगच हेतुकथन करायचे, म्हणजे 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असे सांगायचे. मी विचारले, "रुळांवरून कोण धावते?" अपेक्षित उत्तर रेल्वे. वर्ग एका सुरात म्हणाला, "मेट्रो!" मी म्हटले, "त्याहून जुने." एक मुलगा म्हणाला, "जुनी मेट्रो." शेवटच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक बाईंचे पेन हलताना मला दिसले. मी घाईने टाचणातला तिसरा प्रश्न काढला, "वाफेच्या जोरावर शिट्टी वाजवणारे काय असते, सांगा बरं?"

"कुकर!"

यात त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. अखेर मीच हार मानून रेल्वेचे नाव घेतले आणि फळ्यावर तपशील लिहू लागले: चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, निघताना एकवीस तोफांची सलामी. तोफांवर वर्ग खूश होईल अशी माझी अपेक्षा होती. तेवढ्यात एका मुलीने गंभीरपणे विचारले, "बाई, ती फास्ट होती की स्लो?" टाचणात या प्रश्नाला रकानाच नव्हता. मी काही बोलण्याआधीच तिचा शेजारी म्हणाला, "ठाण्यालाच संपली ना? मग ठाणे लोकल." दुसऱ्याने चारशेला चौदाने भागायला घेतले, बराच वेळ बोटे मोजली आणि आश्चर्याने विचारले, "म्हणजे सगळ्यांना बसायला मिळालं?" त्यानंतर कोणाची आई कुठून चढते, तिघांच्या बाकावर चौथी सीट कोण देत नाही आणि दिवा स्थानकात गाडीचे दार कसे अडवतात, यावर जी चर्चा झाली, तिच्यात माझा सहभाग अत्यल्प होता. दृढीकरण, म्हणजे शेवटची उजळणी, राहून गेले.

शेरा आला: 'विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. फलक लेखन उजवीकडे चढत जाते. हेतुकथन विद्यार्थ्यांकडून आले नाही. पाठ पुन्हा घ्यावा.'

दोन दिवसांनी तोच पाठ 'ब' तुकडीवर होता. या वेळी मी रात्रभर जागून अपेक्षित उत्तरांच्या रकान्यात मेट्रो, कुकर, फास्ट, स्लो असे सगळे लिहिले आणि प्रत्येकावरून रेल्वेकडे कसे वळायचे, याची वाट आखून ठेवली. वर्गात शिरले, इंजिन टेबलावर ठेवले आणि पहिला प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडले, तोच पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि पूर्ण वाक्यात म्हणाला, "बाई, आज आपण भारतातल्या पहिल्या रेल्वेची माहिती घेणार आहोत. 'अ'च्या मुलांनी सांगितलं."

निरीक्षक बाईंनी लिहिले: 'हेतुकथन विद्यार्थ्यांकडून आले. प्रस्तावना झाली नाही.'