पार्टीत एक धर्मराज असतो

डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या पात्रांच्या खेळात गॉब्लिन, म्हणजे गुहेतला बुटका राक्षस, शरण आला की आपला रविवार गेला, असं मी धरूनच चालतो. मारामारीत मेला असता तर चार मिनिटांत विषय मिटला असता. पण दोन हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, उरलेले असताना तो भाला टाकतो, गुडघे टेकतो आणि टेबलावरचे चौघं एकदम पॅलाडिनकडे, म्हणजे धर्माने बांधलेल्या योद्ध्याकडे, बघतात. बघतात कसले, डोळे वटारतात. पॅलाडिन पाण्याची बाटली खाली ठेवतो आणि म्हणतो, "तो शरण आलाय."

झालं. आता मारला तर नि:शस्त्र कैद्याची हत्या. सोडला तर तो पळत जाऊन गुहेतल्या चाळीस जणांना उठवणार. बरोबर घेतला तर त्याला दोर पाहिजे, जेवण पाहिजे, रात्री पहारा पाहिजे. कायद्याच्या हवाली करायचा तर गाव दोन दिवस मागे राहिलंय. रोग गोड आवाजात सुचवतो, "तू जरा पलीकडे जाऊन घोड्याला पाणी दाखवून ये ना." खेळात एक फेरी सहा सेकंदांची. ही फेरी भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास चालते आणि चहा दोनदा होतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, पडद्याआड बसलेला. मला तक्रारीलाही जागा नाही, कारण गॉब्लिनला शरण मीच आणलेलं असतं.

एक खुलासा करून ठेवतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कुलपं उघडणाऱ्या, खिसे कापणाऱ्या पात्राला रोग म्हणतात आणि देवनागरीत लिहिलं की त्याचं खरं स्वरूप दिसतं. जुन्या नियमांत पॅलाडिनला कुठलाच आजार होत नाही आणि आठवड्यातून एकदा तो दुसऱ्याचाही आजार घालवू शकतो. पार्टीतल्या रोगावर मात्र पन्नास वर्षांत औषध निघालेलं नाही.

पॅलाडिन हे नाव मुळात शार्लमेन राजाच्या दंतकथांतल्या वीरांचं. खेळ निघाला 1974 साली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा ह्या गावातून, आणि पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' नावाच्या पुरवणीत पॅलाडिन आला. अट साधी दिसते: करिष्मा, म्हणजे छाप पाडण्याचा गुण, किमान 17. पण तीन फासे टाकून 17 किंवा 18 पडण्याच्या तऱ्हा 216 पैकी फक्त 4, म्हणजे चोपन्न जणांत एक. तरी पॅलाडिनचा कधी तुटवडा पडल्याचं ऐकिवात नाही. ज्याने आयुष्यभर खोटं बोलायचं नाही, त्याचा जन्मच मुळी "अरे, काल घरी टाकले तेव्हा आले सतरा, आईशप्पथ" ह्या वाक्यातून होतो.

1978 च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स साहेबांनी ह्या माणसाला पुरता बांधून टाकला. जात मानवाचीच हवी, वृत्ती लॉफुल गुडच, म्हणजे शिस्तीची आणि चांगली, हवी. जादूच्या वस्तू एकूण दहा: एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रं, बाकी चार. ड्रॅगनच्या गुहेत अकरावी अंगठी सापडली की पॅलाडिनच्या तोंडावर जे वैराग्य येतं ते बघण्यासारखं असतं. शिवाय सगळ्या कमाईचा दहावा हिस्सा दान, तोही लगेच. वाट्याला 1347 सोन्याची नाणी आली तर 134 सोन्याची आणि 14 चांदीची द्यायची, कारण त्या आवृत्तीत वीस चांदीचं एक सोनं. हा हिशोब कोण करतं? डीएम. नियमात आणखी एक खुंटी मारून ठेवली आहे: दान धर्मादाय संस्थेलाच, पार्टीतल्या क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, नाही. म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या मित्राने "मीही धर्माचाच माणूस आहे" म्हणत पुढे केलेला हात मागे घ्यायचा.

दान देऊन उरलेला पैसाही साठवायचा नाही. साधेपणाने राहण्यापुरता ठेवायचा, नोकरचाकरांचे पगार द्यायचे, आणि एक छोटासा किल्ला बांधण्यापुरता ठेवला तरी चालेल. छोटासा किल्ला! दोन खोल्यांचे हप्ते भरणाऱ्यांनी हे कलम वाचून पान हळूच उलटावं. चौथ्या लेव्हलला घोडा मिळतो. बुद्धिमान, जंगी घोडा, पण दहा वर्षांत एकच. गेला तर मुदत संपेपर्यंत पायी. आता खेळाच्या नावातच तळघर आहे आणि तळघरात घोडा उतरत नाही. शिडी आली की पॅलाडिन घोड्याकडे बघतो, घोडा शिडीकडे बघतो, आणि उरलेले सगळे माझ्याकडे.

हे सगळं खपून जातं. खरी गोम नीतीच्या कलमात आहे. जाणूनबुजून बेशिस्तीचं, म्हणजे केऑटिक कृत्य केलं तर सातव्या किंवा त्यावरच्या लेव्हलच्या क्लेरिकसमोर कबुली द्यायची, प्रायश्चित्त घ्यायचं, सुटायचं. जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलं तर पद तिथल्या तिथे जातं आणि परत कधीच मिळत नाही. उरतो साधा फायटर, नुसता लढवय्या. दोन्ही कलमांचा भार 'जाणूनबुजून' ह्या एका शब्दावर. पॅलाडिन खेळणारा एरवी कितीही भोळा असो, ह्या शब्दापाशी त्याचा वकील होतो. रोग कैद्याचे बूट काढतोय, विझर्ड कोळसे पेटवतोय, आणि पॅलाडिन दाराकडे पाठ करून क्षितिज न्याहाळतोय, ही मांडणी ज्याने टेबलावर बघितली नसेल त्याने डीएमगिरी केलेलीच नाही.

त्यात रचनेचाच एक घोटाळा आहे. करिष्मा 17, म्हणजे पार्टीत बोलण्यात सगळ्यात वजनदार कोण, तर पॅलाडिन. वेशीवरच्या शिपायाला थाप मारायची, सरदाराला गुंडाळायचं, सावकाराकडून मुदत मागायची, सगळीकडे पुढे त्यालाच ढकलतात. आणि थाप मारायला बंदी असलेला तो एकटाच. आपल्याकडे हा प्रयोग फार पूर्वी होऊन गेलाय. हत्ती मारला भीमाने, डोकं कृष्णाचं, पण द्रोणाचार्यांसमोर बोलायला उभा केला कोणाला? ज्याच्या शब्दाला वजन होतं त्याला. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. 'नरो वा कुंजरो वा' झालं आणि चाकं मातीला टेकली. ह्या निकालाचं मला भारी कौतुक आहे. चार बोटं गेली, बाकी रथ, घोडे, राज्य सगळं शाबूत. हँडबुक हातात घेऊन बसलेला डीएम असता तर हे कृत्य केऑटिक की दुष्ट ह्यावर दोन रविवार घालवून त्याने शेवटी युधिष्ठिराला साधा फायटर केला असता आणि वर म्हणाला असता, नियम नियम आहे.

2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि आचारसंहिता जरा सुटसुटीत झाली: रास्त सत्तेचा मान ठेवा, खोटं नको, फसवणूक नको, विष नको, गरजूला मदत करा, निरपराधांना त्रास देणाऱ्याला शासन करा. शिवाय दुष्ट माणसाबरोबर जाणूनबुजून फिरायचं नाही. म्हणजे एकाच्या कॅरेक्टर शीटवरचं कलम बाकी चौघांच्या चारित्र्याचा दाखला मागतं. आणि दाखला तपासायचं यंत्रही त्यालाच दिलंय: दुष्टता ओळखणे, हवं तितक्या वेळा, साठ फुटांपर्यंत. पहिल्या फेरीत इथे दुष्टता आहे एवढंच कळतं, दुसरीत किती आणि केवढी, तिसरीत नक्की कुठे. तीन फेऱ्या म्हणजे अठरा सेकंद. खानावळीत शिरून गल्ल्यावरच्या मालकाकडे, चिलखत घालून, पापणी न हलवता अठरा सेकंद बघून दाखवा. तो दुष्ट नसला तरी त्यानंतर जेवण गार मिळणार.

यंत्राला तारतम्यही नाही. साध्या लेव्हलचा खुनी आणि दुधात पाणी घालणारा कवडीचुंबक, दोघांची वृत्ती दुष्ट असली तर खूण सारखीच फिकी उमटते. पॅलाडिन दोघांवरही तलवार उपसतो आणि मग दूधवाल्याच्या खुनाचा खटला चालवायला मी न्यायाधीशाचा आवाज काढतो. डीएमला तोडगा नियमातच आहे: तीन फूट लाकूड किंवा माती, एक फूट दगड, एक इंच धातू किंवा शिशाचा पातळ पत्रा, ह्यापलीकडचं ह्या नजरेला दिसत नाही. म्हणून मुरलेल्या डीएमचे खलनायक नेहमी पत्र्याच्या खोलीत भेटतात.

तिसऱ्या आवृत्तीत पतनानंतरची सोयही होती आणि ती फारच मोहक होती. धर्म सोडलेला पॅलाडिन ब्लॅकगार्ड, म्हणजे सैतानाचा योद्धा, झाला की जुन्या नोकरीतला अनुभव धरला जायचा. अकरा किंवा जास्त लेव्हल असतील तर एकास एक बदलून मिळायच्या. चांगुलपणाच्या बाजूला प्रायश्चित्त आणि खेटे, सैतानाच्या बाजूला सेवाज्येष्ठता.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने भांडणाचं मूळच उपटलं: कुठल्याही वृत्तीचा पॅलाडिन चालेल. 2014 च्या पाचवीत शपथा आल्या, तिसऱ्या लेव्हलला घ्यायच्या. भक्तीची शपथ घेतलेला जुन्या वळणाचा. सूडाची शपथ घेतलेल्याला मोठ्या दुष्टापुढे दयामाया नाही. मला वाटलं, चला, गॉब्लिनचा प्रश्न मिटला. कसचा मिटतोय! आता पॅलाडिन म्हणतो मारा, आणि रोगाला गॉब्लिनचा कळवळा येतो. त्याचं नाव विचारतात, त्याला बूट घेऊन देतात.

सगळ्यात शहाणं काम माझ्या मते पाथफाइंडर ह्या त्याच जातीच्या वेगळ्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत झालं. तिथे कलमं उतरत्या महत्त्वाने लावली आहेत आणि दोन कलमं भिडली तर वरचं जिंकतं. निरपराधाला वाचवणं वर, खोटं न बोलणं खाली. आश्रितांना मारायला निघालेल्या राजाने विचारलं तर खुशाल थाप मारा. एवढी एक ओळ 1978 साली छापली असती तर कितीतरी मैत्र्या वाचल्या असत्या.

कुठलीही आवृत्ती खेळा, पहिल्या सत्राआधी दहा मिनिटं काढून कॅरेक्टर शीटच्या मागे लिहून घ्यावं: कैद्यांचं काय करायचं, आणि दुसऱ्याच्या पापाचा वाटा पॅलाडिनवर येतो की नाही. माझं उत्तर नाही. वाल्या कोळ्याच्या घरच्यांनी दिलं तेच. फासे पडण्याआधी डीएमने एकदा स्पष्ट विचारावं, "हे तुझ्या शपथेविरुद्ध जातंय, तरी करतोस?" हो म्हणाला की पुढचं त्याचं नशीब. पण गुहेत गॉब्लिनची पिल्लं ठेवून 'आता बघू काय करतोस' म्हणणारा डीएम परीक्षा घेत नाही, तो नुसता सापळा लावतो, आणि तोही जुना.

एवढं सोसून लोक पॅलाडिन का घेतात? स्माइटसाठी, म्हणजे वाराला जोडायच्या दैवी तडाख्यासाठी. 2014 च्या नियमात तो जोडायचा की नाही हे वार लागल्यावर ठरवता येतं, त्यामुळे पठ्ठ्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडायची, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट व्हायची, वाट बघत बसतो. पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन, समोर चालतं मढं, खर्चायला दुसऱ्या पातळीचा मंत्राचा स्लॉट, वीस पडलेले: स्माइटचे आठ आणि तलवारीचे दोन, एकूण दहा फासे, सगळे आठ बाजूंचे. बाजारातल्या सात फाशांच्या संचात आठ बाजूंचा एकच असतो. पाच खेळाडू आणि मी मिळून झाले सहा. मग सगळे उठून उभे राहतात, आपापला फासा त्याच्या ओंजळीत घालतात, सहा टाकतात, बेरीज ओरडतात, चार परत टाकतात. एवढ्या मिनिटभरात कोणाला कोणाची नीती आठवत नाही.

रात्री आवरताना मी फासे मोजून ज्याचे त्याला देतो. रोगाच्या पिशवीत आठ बाजूंचे दोन निघतात. पॅलाडिन तेवढ्यात दाराबाहेर चपला शोधायला गेलेला असतो.