कोस्त्या, वेतोबा आणि नोटीस बोर्डावरची दोन नावं

समजा, तुमच्या इमारतीत एक कुटुंब राहतंय. आई, वडील आणि त्यांचा तरुण मुलगा. जिन्यात भेटले की दोन शब्द बोलतात, अडीअडचणीला धावून येतात, मुलाचं तर तुमच्याकडे येणं-जाणं आहे. मग एके दिवशी तुम्हाला कळतं की ते तिघंही व्हॅम्पायर आहेत. आणि तुमची नवी नोकरी आहे ती नेमकी व्हॅम्पायरांवर नजर ठेवायची.

पुढच्या वेळी त्या मुलाने बेल वाजवली तर दार उघडाल?

सेर्गेई लुक्यानेन्को या रशियन लेखकाच्या १९९८ सालच्या ‘नाइट वॉच’मध्ये अंतोन गोरोदेत्स्की नावाच्या माणसापुढे हा प्रश्न येतो. मॉस्कोतल्या एका साध्या फ्लॅटमध्ये. तो दार उघडतो. मी ही कादंबरी इंग्रजीतून वाचली ती ठाणे ते भायखळा अशा रोजच्या लोकल प्रवासात, बसायला जागा मिळाली तर बसून, नाहीतर दाराजवळच्या पार्टिशनला टेकून. त्यातल्या लढाया आणि शाप आता बरेचसे विसरले. तो शेजारचा मुलगा, कोस्त्या, मात्र डोक्यातून जात नाही. त्याच्यामुळेच आज हे एवढं लिहितेय. (पुढे दोन-तीन कथांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी इथेच थांबा, मी रागावणार नाही.)

अर्बन फँटसी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते असं: आजचं शहर, रहदारी, मोबाईल, आणि त्यात लपलेले चेटके, भुतं, देवता. हे खरंच आहे. पण बरीच वर्षं हे वाचल्यावर माझं ठाम मत झालंय की या प्रकाराचा जीव जादूत नाही, करारात आहे. एकाच शहरात दोन जगं राहायची तर कुणीतरी कुणाशी तरी गुपचूप बोलणी केलेली असणार. कोण कुठल्या हद्दीत फिरेल, कोण कुणाला हात लावणार नाही, आणि कुणी शब्द मोडला तर काय. ही बोलणी जितकी चांगली रचलेली, तितकी कथा खरी वाटते.

लुक्यानेन्कोच्या मॉस्कोत हा तह फार कडक आहे. प्रकाशाची बाजू आणि अंधाराची बाजू लढून लढून थकली आणि त्यांनी समेट केला. रात्री प्रकाशवाले अंधारवाल्यांवर पहारा देतात, दिवसा अंधारवाले प्रकाशवाल्यांवर. एका बाजूने चांगुलपणाचं एक काम केलं की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच तोलाचं वाईट करायचा हक्क मिळतो. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे व्हॅम्पायरांना शिकारीचे परवाने मिळतात. माणूस सोडतीने निवडला जातो. त्या परवान्याला मान्यता देणारी बाजू प्रकाशाची, म्हणजे चांगल्यांची.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून पर्समध्ये टाकलं होतं. सोडत! म्हाडाच्या घरांची निघते तशी. लाखोंच्या शहरात शांतता टिकावी म्हणून कुणा एकाचं नाव चिठ्ठीत निघतं, आणि खाली सही करणारा माणूस तुमच्यासारखाच सज्जन असतो. अंतोनला हे माहीत आहे. कोस्त्यालाही माहीत आहे. दोघं एकमेकांकडे जातात-येतात, आणि तरीही त्यांच्या मध्ये हा कागद पडलेला आहे. पुढच्या भागांत कोस्त्या मोठा होतो, ताकदवान होतो, कडवट होतो. शेवटी दोघे समोरासमोर उभे राहतात आणि कोस्त्या वाचत नाही. तह शाबूत राहतो. वरच्यांनी केलेल्या समेटाची किंमत खालच्या दोन मित्रांनी चुकती केली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. अंतोनचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलाला ज्याने कधी काळी दार उघडलं होतं, त्याच्याच हातून हे व्हावं, याचं दुःख मला अजून होतं.

आता प्रेमाबद्दल. या प्रकारात प्रेमकथांचा अक्षरशः पूर आहे, आणि त्यातल्या बहुतेक मला पटत नाहीत, हे स्पष्टच सांगते. पहिल्या नजरेत नायकाला कळतं की हीच आपली नियतीने ठरवलेली जोडीदार, मग जग इकडचं तिकडे झालं तरी ते दोघं एकमेकांचेच. नियतीनेच सगळं ठरवलं असेल तर त्या दोघांनी केलं काय? प्रेमात निवड लागते. ‘नाही’ म्हणायची सोय असताना ‘हो’ म्हणावं लागतं, आणि त्या ‘हो’ची काहीतरी किंमत मोजावी लागते.

म्हणून मला ‘नाइट वॉच’च्याच मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकातली अलिसा आणि इगोरची गोष्ट इतकी जवळची वाटते. (हे पुस्तक लुक्यानेन्कोने व्लादिमीर वासिल्येवबरोबर मिळून लिहिलं.) अलिसा अंधाराच्या बाजूची चेटकीण. एका झटापटीत तिची सगळी शक्ती संपते आणि तिचा वरिष्ठ तिला क्रिमियात, काळ्या समुद्राकाठच्या आर्तेक या मुलांच्या शिबिरात पाठवतो. तिथे तिने मुली सांभाळायच्या आणि हळूहळू ताकद भरून काढायची. तिथेच इगोर भेटतो, तोही मुलांच्या एका गटाची देखभाल करणारा. समुद्र, उन्हाळा, रात्री मुलं झोपल्यावर चोरून भेटणं. दोघं प्रेमात पडतात. इगोर प्रकाशाच्या बाजूचा आहे आणि त्याचीही शक्ती तशीच आटलेली आहे, म्हणून दोघांपैकी कुणालाच समोरचा कोण ते दिसत नाही. साधी दोन माणसं म्हणून ते एकमेकांना आवडतात.

मग शक्ती परत येते आणि ज्या क्षणी दिसायला लागतं त्याच क्षणी दोघं शत्रू होतात. इगोरला वाटतं आपल्याला जाणूनबुजून जाळ्यात ओढलं. तो द्वंद्वाला बोलावतो. ज्या समुद्रात ते पोहायचे त्याच समुद्रात अलिसा बुडून मरते. तिने शेवटच्या क्षणी मदतीसाठी आपल्या वरिष्ठाला हाक मारलेली असते. तो येत नाही, कारण हा सगळा डाव त्याचाच होता. इगोरला संपवायला त्याने तिला वापरलं.

ठाणे आलं, गाडी रिकामी झाली, मी बसूनच राहिले होते. अलिसा काही चांगली बाई नाही, पुस्तकही तसं भासवत नाही. पण त्या थोड्या दिवसांत तिच्या अंगावर कुठल्याच बाजूचा शिक्का नव्हता, आणि तेव्हा ती काय झाली असती ते आपल्याला दिसतं. प्रेमकथेने याहून जास्त काय करायचं असतं?

लंडनमधलं एक उदाहरण थोडक्यात. बेन आरोनोविचची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११). यात टेम्स नदीच्या दोन गाद्या आहेत, वरच्या अंगाला म्हातारा नदीबाबा आणि शहरात नदीची आई, आणि त्यांच्यात हद्दीवरून भांडण आहे. ते मिटवतो एक नवखा पोलीस कॉन्स्टेबल, पीटर ग्रांट. कसं मिटवतो? दोन्हीकडची मुलं ओलीस म्हणून अदलाबदल करून. बेव्हर्ली ब्रुक, जिच्यावर त्याचा जीव जडतोय, तीच वरच्या दरबारात राहायला जाते. जुन्या काळी राजे करायचे तसा तह, फक्त आजच्या लंडनमध्ये. बेव्हर्ली ब्रुक हा तिथला खराखुरा ओढा आहे, टेम्सला जाऊन मिळणारा. आणि याच मालिकेत पुढे पीटरची सगळ्यात जवळची मैत्रीण, लेस्ली, पाठीमागून त्याच्यावर टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) चालवून शत्रूला जाऊन मिळते. त्याआधी एका भयंकर घटनेत तिचा चेहरा उद्ध्वस्त झालेला आहे. पीटरला तिचा मनापासून तिरस्कार करता येत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. त्याच्या सगळ्या प्रेमप्रकरणापेक्षा ही मैत्री तुटण्याचा चटका मोठा आहे.

हे सगळं वाचताना मला सतत माझं कुडाळजवळचं गाव आठवत राहिलं. कारण असा करार मी लहानपणी पाहिलाय. आमच्या वाडीच्या वाटेवर एका झाडाखाली दगड आहे. आजी वर्षातून एकदा तिथे नारळ आणि विडा ठेवायची, हात जोडून गाऱ्हाणं घालायची आणि आम्ही पोरं मागे उभी राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. मी एकदा विचारलं, हा कोण? ती म्हणाली, “तो आपलो राखणो. तेका इसरलंव तर तो आमकां इसरतलो.” भीती नव्हती तिच्या आवाजात. शेजाऱ्याचा विषय निघावा तशी बोलली.

आरवलीच्या वेतोबाला लोक भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. तो रात्री गावात फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. केवढी सुंदर कल्पना आहे ही! जो आपल्यासाठी रात्रभर चालतो त्याच्या पायाची काळजी आपण घ्यायची. मॉस्कोच्या तहात असा कळवळा कुठेच नाही, तिथे फक्त हिशेब आहे.

मग मनात येतं, हा राखणदार गिरणीत कामाला आलेल्या चाकरमान्यांच्या मागोमाग मुंबईत आला असेल का? परळ-लालबागच्या चाळीत त्याला कुणी जागा दिली असेल? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने अख्खं शहर हादरवलं, तेव्हा तिच्याशी बोलायला कोण गेलं असेल? पुण्यात वेताळ टेकडी आहे, मुंजाबाचा बोळ आहे, पेशव्यांनी कात्रजहून जमिनीखालून आणलेल्या पाण्याचा नळ आहे. हडळ, मुंजा, आसरा, खवीस, ब्रह्मसमंध, सगळे आपल्याकडे आहेत, पण आपण त्यांना फक्त भयकथेत घेतो. ते घाबरवतात, मांत्रिक येतो, बाटलीत भरतो, गोष्ट संपते. त्यांच्याशी कुणी मैत्री का करत नाही? पाण्यात राहणाऱ्या आसरेच्या प्रेमात पडलेल्या पाणीखात्यातल्या इंजिनियरची गोष्ट मला वाचायचीय. मराठीत कुणी असं लिहिलं असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, मी विकत घेऊन वाचेन.

आणि गुप्त युती म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जे येतं ते शेवटी सांगते, कारण त्यात मी स्वतः होते.

माझी हॉस्टेलची रूममेट आणि तिचा आताचा नवरा, दोघांचे धर्म वेगळे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात तीस दिवस लागते, कुणालाही हरकत घेता येते. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. आम्ही तिघी ठरलो. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, मी माझ्या आईलाही नाही. त्या तीस दिवसांत आम्ही पाळ्या लावल्या होत्या. दर दोन दिवसांनी कुणीतरी जाऊन बोर्ड बघून यायचा, समोर कुणी ओळखीचं उभं नाही ना, कुणी फोटो काढत नाही ना. काचेमागे तिरका टाचलेला कागद, टाचणीला गंज चढलेला, त्यावर दोघांचे फोटो आणि पूर्ण पत्ते. माझ्या पाळीच्या दिवशी एक माणूस त्या काचेसमोर उभा राहून भांग पाडत होता. तो जाईपर्यंत माझा श्वास अडकला होता.

बाविसाव्या दिवशी आमच्या तिघींपैकीच एकीने मुलीच्या काकांना सांगितलं. तिला वाटलं, आपण मैत्रिणीचं भलंच करतोय. पुढचा आठवडा कसा गेला ते इथे लिहिणार नाही. बऱ्याच वर्षांनी ती एका लग्नात भेटली, म्हणाली, “अजून राग आहे का गं?” मी “हो” म्हणाले. आणि मग आम्ही दोघी एकाच पंगतीत शेजारी बसून जेवलो.

लग्नाच्या दिवशी तिसरा साक्षीदार नव्हता. सकाळचे साडेअकरा, साहेब एकनंतर निघणार असं शिपाई दोनदा सांगून गेला. मी खाली झेरॉक्स काढायला धावले, आणि महिनाभर आमच्या कागदांच्या प्रती काढून देणाऱ्या काकांनी माझं तोंड बघूनच विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, शटर अर्धं ओढलं, खिशातून पाकीट काढून बघितलं आणि म्हणाले, “आधार ओरिजिनलच लागेल ना? आहे माझ्याकडे. चला.” जिना चढताना त्यांनी दोघांची नावं विचारली. आडनावं नाही विचारली.

ते दोघं दरवर्षी त्या तारखेला काकांच्या दुकानात पेढे घेऊन जातात. गेल्या वर्षी मीही गेले होते. काकांनी एक पेढा खाल्ला, एक कागदात गुंडाळून घरी न्यायला ठेवला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी दोनच्या आत या. दोनला मी जेवायला जातो.”