नेट येईल तेव्हा भरून घ्या

गेली बरीच वर्षं माझं काम लॅपटॉपवर चालतं आणि त्यातला निम्मा काळ मी घराबाहेर असते. निघण्याआधी फोन करून मी एकच प्रश्न विचारत आले, "तिथे नेट आहे ना?" उत्तर कायम ठरलेलं : "आहे की!" सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मोबाइलवर मेसेज येतात-जातात, म्हणजे त्याच्या लेखी नेट आहे. मला तिथून 200 एमबीची फाइल पाठवायची असते आणि बहुतेक ठिकाणी खाली उतरण्याचा (डाउनलोडचा) वेग भरघोस, वर चढण्याचा (अपलोडचा) मात्र मरतुकडा असतो, हे त्याला कुठून माहीत असणार?

तर माझं मत सरळ सांगते. प्रवासात अखंड नेट मिळवायचा आटापिटा करू नका. लॅपटॉपला नेटशिवाय सहा-आठ तास कामाला जुंपता आलं पाहिजे, आणि नेट आलं की नळाला पाणी आल्यासारखं भराभर भरून घेता आलं पाहिजे.

यात नवीन काही नाही. 1983 साली रेडिओ शॅक या अमेरिकन कंपनीने 'टीआरएस-80 मॉडेल 100' नावाचा मांडीवर मावणारा संगणक आणला. चार पेन्सिल सेलवर चालायचा आणि आत मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून मजकूर पाठवणारं यंत्र होतं, वेग सेकंदाला 300 बिट. म्हणजे साधारण 30 अक्षरं. पत्रकारांचा तो लाडका होता. मैदानात, गाडीत बसून बातमी लिहायची, मग फोन शोधून ती ऑफिसला पाठवायची. सहा हजार अक्षरांच्या बातमीला तीन-साडेतीन मिनिटं लागत. तेवढी तीन मिनिटं 'ऑनलाइन', बाकी दिवस नुसतं काम! 1999 च्या आसपास लॅपटॉपला वाय-फाय आलं, 2003 मध्ये इंटेलच्या सेंट्रिनोने (लॅपटॉपच्या चिप आणि वाय-फायच्या जोडसंचाने) ते सर्रास केलं, आणि हळूहळू सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं की तार कधी तुटतच नाही. आज रेंज गेली तर साधं टिपण उघडेना, अशी ॲप्स आहेत. आपण वेंधळे नाही, आपली अवजारं परावलंबी झालीत.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री मी एक गंमत करते. घरीच वाय-फाय बंद करून अर्धा तास काम करते. जे जे अडतं ते तिथेच कळतं. ढगात (क्लाउडवर) ठेवलेल्या फाइलींची नुसती नावं लॅपटॉपवर दिसत असतात, फाइल उतरलेलीच नसते. ब्राउझरमधल्या दस्तऐवजांचं ऑफलाइन बटण चालू नसतं. मेल फक्त वेबवर, मशीनवर एकही नाही. हे सगळं अर्ध्या तासात निस्तरता येतं. विमानतळावर बसून ते करायचं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणं.

आता फुकटच्या वाय-फायबद्दल. जोडलं गेलंय, पट्ट्या पूर्ण, पण एकही पान उघडत नाही, हा अनुभव नाही असा माणूस मला भेटायचाय. होतं असं की ते नेटवर्क आधी तुमच्याकडून खोली क्रमांक किंवा फोन नंबर घेऊ पाहत असतं आणि त्यासाठी तुम्ही मागितलेल्या पानाऐवजी स्वतःचं पान पुढे सरकवतं. साइट 'एचटीटीपीएस'ची, म्हणजे कुलूपबंद जोडणीची असेल तर ब्राउझरला हा बदल पसंत पडत नाही आणि तो हटून बसतो. हल्ली जवळपास सगळ्याच साइट तशा आहेत, म्हणून ते लॉगिनचं पान येतच नाही. उपाय सोपा : व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत गुपचूप नेणारं ॲप) असेल तर क्षणभर बंद करा आणि नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. ती साइट मुद्दाम कुलूप न लावता ठेवलेली आहे, त्यामुळे लॉगिनचं पान झटकन समोर येतं. कितीतरी सहप्रवाशांना हे सांगून मी फुकटची विदुषी ठरले आहे.

सार्वजनिक वाय-फायवर सगळं चोरीला जातं, ही भीती मात्र आता जरा शिळी झाली. 2010 मध्ये फायरशीप नावाचं एक छोटंसं ब्राउझर-जोड आलं होतं. त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या खात्यात एका क्लिकवर शिरता यायचं, तेव्हा ती भीती शंभर टक्के रास्त होती. आता नेटवरची बहुतेक ये-जा कूटबद्ध, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारी असते. धोका उरलाय तो आपल्याच बोटांचा. साइटचं प्रमाणपत्र (तिचं ओळखपत्रच म्हणा) चुकीचं आहे असा इशारा आला तरी 'पुढे जा' दाबणारी बोटं, आणि वाय-फायच्या पानाने मेलचा पासवर्ड मागितला तर निमूट टाइप करणारी बोटं.

मी स्वतः तरी फोनचा हॉटस्पॉटच वापरते, तोही केबल लावून. यूएसबीने जोडलं की फोन चार्ज होत राहतो, आणि गर्दीच्या ठिकाणी वाय-फायची जी रेटारेटी असते तिच्यातून सुटका होते. एक धडा मात्र महागात शिकले. एकदा रात्री हॉटस्पॉट चालू ठेवून झोपले. लॅपटॉपला वाटलं, वा, घरचंच वाय-फाय! त्याने रात्रभर ऑपरेटिंग सिस्टिमचा अपडेट ओढला, फोटोंचा बॅकअप घेतला. सकाळी डेटा संपल्याचा मेसेज आणि दहा वाजता मीटिंग. तेव्हापासून हॉटस्पॉटला जोडलं की पहिलं काम म्हणजे ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं, म्हणून नोंदवणं. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्येच तो पर्याय आहे, मॅकवर 'लो डेटा मोड' म्हणतात. आणि मीटिंगला कॅमेरा बंद. माझा चेहरा कुणाला पाहायचाय, आवाज पोचला की झालं.

पण नेट, डेटा, बॅटरी यांपेक्षा मला खरं रडवलं ते ओटीपीने. परदेशात उतरले, स्वस्त पडतं म्हणून तिथलं सिम टाकलं. जुनं सिम पाकिटात. लॅपटॉप उघडून मेल बघायला गेले तर मेलवाल्यांना शंका आली, ही बाई आज इतक्या लांबून कशी? ओटीपी पाठवला. कुठे? पाकिटातल्या सिमवर. बरं, ते सिम परत घालावं तर टाचणी विमानाच्या पोटात गेलेल्या बॅगेत, आणि बॅग अजून पट्ट्यावर आलेली नाही. कानातल्याच्या दांडीने सिमचा ट्रे उचकटायचा प्रयत्न करत मी पट्ट्याशेजारी उकिडवी बसलेले. नेट उत्तम होतं हो! फक्त मी माझ्याच घराच्या दाराबाहेर होते.

त्यानंतर जमेल तिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावलं. त्यातला दर 30 सेकंदांनी बदलणारा आकडा फोनमध्येच तयार होतो. एक गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ एवढंच लागतं. सिम नको, रेंज नको, नेटसुद्धा नको. फोनचं घड्याळ बरोबर असलं म्हणजे झालं. राखीव कोड कागदावर लिहून वेगळ्या खिशात. कागदाला चार्जिंग लागत नाही.

विमानातल्या नेटबद्दल विचाराल तर माझं उत्तर असतं, झोपा. जुन्या पद्धतीचे उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर आहेत. तुमची मागणी वर जाऊन खाली येते आणि उत्तरही तसंच वर-खाली करतं. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो, वर बाकीची दिरंगाई. साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे नवे उपग्रह यापेक्षा कितीतरी चपळ आहेत, हे मान्य. तरीही झोपा.

हल्ली मी फोनवर "नेट आहे ना?" विचारत नाही. "वर किती चढतं?" असं विचारते. परवा पलीकडून उत्तर आलं, "वर? वर तिसऱ्या मजल्यावर अजिबात येत नाही हो, तुम्हाला खालचीच खोली देतो."