सातबारा तपासला, चौकट कोण तपासणार?

मागच्या महिन्यात लातूरहून मामाचा फोन आला, पोरासाठी रीसेलमधी रो-हाऊस घ्यायलाय, 15-16 वर्षं जुनं, आणि सगळं चेक केलंय म्हणाला. सगळं म्हणजे काय, तर एनए आहे, वकिलानं मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढलाय, बोअरला मे महिन्यात पण पाणी असतं (2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे, हे आधी विचारणारच) आणि वास्तुवाला दोनदा येऊन गेला. मी म्हणलं मामा, वाळवी बघितली का? मामा हसला. "अरे सिमेंटचं घर हाय, वाळवी काय सिमेंट खाती का? तू तिकडं जाऊन लईच शहाणा झालास."

यावरून फॅमिली ग्रुपवर दोन दिवस जुंपली होती. एका बाजूला मावशी, की घरमालक ओळखीचा आहे, आपण माणूस नेऊन त्याचं घर ठोकून बघितलं तर त्याला काय वाटंल. दुसऱ्या बाजूला पुण्याचा चुलतभाऊ, त्याला सगळं परदेशासारखंच पाहिजे असतं.

मी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहतो. इथं घर घेताना करारातच बिल्डिंग आणि पेस्ट (म्हणजे वाळवी-कीड) तपासणीची अट असते, एजंट स्वतःच विचारतो किती दिवस पाहिजेत. आम्ही पहिलं जे घर पसंत केलं तिथं तपासणीवाला आला, टॉर्च, ओल मोजायचं मीटर, थर्मल कॅमेरा, छताच्या पोटात चढला, घराखालच्या पोकळीत सरपटत गेला आणि शेवटी बाथरूमच्या मागच्या भिंतीवर नुसतं बोटांनी टकटक केलं तर आत पोकळ, वाळवीनं खाल्लेलं. बायकोला ते घर लई आवडलं होतं, तरी सोडलं. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. तपासणीला साडेपाचशे डॉलर गेले. हे ऐकून मामा म्हणला, "तीस हजार रुपये, टकटक करायचे?"

पण खरं सांगायचं तर मामा अर्धा बरोबर आहे. इथल्या घराचा सांगाडाच लाकडाचा, वरून पातळ प्लास्टरबोर्ड, म्हणजे वाळवी लागली की घरच गेलं, आणि इन्शुरन्सवाले सहसा वाळवीचा एक रुपया देत नाहीत. आपल्याकडं आरसीसी आणि विटा. घर पडत नाही. पण वाळवी मातीतून ओलीच्या मागं येते, फरशीच्या सांध्यातून, पाइपाच्या बाजूनं, भिंतीवर मातीची बारीक नळी करत चौकटीत शिरते, तिथून कपाटं, प्लायवूडचं किचन, दिवाण. नुकसान घराएवढं नसलं तरी फर्निचर परत करायचं म्हणजे काही लाख कुठं गेले नाहीत. आणि विकायच्या आधी चौकटीला ताजा ऑइलपेंट मारला की बाहेरून काही दिसत नाही.

इथल्या रिपोर्टचं पण लई कौतुक करू नका. चाळीस पानं, त्यातली निम्मी "इथं जाता आलं नाही, तिथं सामान होतं" असली. भिंत फोडून कोणी बघत नाही. आमच्या क्वीन्सलंड राज्यात 1 ऑगस्ट 2025 पासून विकणाऱ्यानं माहिती द्यायचा नवा फॉर्म आलाय, त्यात पण वाळवीचं काही नाही, ते तुमचं तुम्ही बघा. उलट आपल्याकडं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 55 सांगतं की साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असंल तर त्यानं घेणाऱ्याला सांगायचाच. कागदावर आपलाच कायदा भारी. फक्त त्याला माहीत होतं हे कोर्टात सिद्ध करता करता पोराचं पोरगं लग्नाला येईल.

म्हणून माझं म्हणणं थर्मल कॅमेऱ्याचं नाहीच. फरक क्रमाचा आहे. आपल्याकडं आधी इसार देऊन मोकळे होतात आणि मग घर बघतात, आणि तवर लाखभर अडकलेले असतात म्हणून खराब दिसलं तरी गप्प बसतात. इसारपावतीत एक ओळ टाकायची, इतक्या दिवसात तपासणी करणार, वाळवी निघाली तर इसार परत किंवा ट्रीटमेंटचा खर्च किमतीतून वजा. तपासायला जुना सुतार पुरतो, पाचशे-हजार द्या, स्क्रूड्रायव्हरनं चौकटीचा खालचा वीतभर भाग टोचून बघंल. फरशीला भिंतीच्या कडेनं फुटाफुटावर बुजवलेली भोकं दिसली तर समजा आधी पेस्ट कंट्रोल झालंय, कधी आणि का ते विचारा. आणि शेजारणीला विचारा, पहिल्या पावसात घरातच ट्यूबलाइटखाली वाळवीच्या पंखांचा सडा पडतो का. तिला घरमालकापेक्षा जास्त माहीत असतं.

मावशीला मी आजोबांच्या माळवदाच्या घराची आठवण करून दिली. संदुकीत खरेदीखत होतं, पितळी कुलूप, किल्ली आजीच्या कमरेला. उघडली तर खालून तळ खाऊन खरेदीखताची चाळण झालेली. रजिस्ट्रारकडून नक्कल काढायला बाबांनी किती चकरा मारल्या ते मावशीलाच जास्त माहीत. तिनं रिप्लाय दिला नाही, पण काल मामाचा मेसेज आला. इसार अजून दिलेला नाही, रविवारी सुतार जाणार आहे, आणि मालकाला काय सांगितलंय तर म्हणे किचनच्या ट्रॉलीचं माप घ्यायचंय.