पाटी नसलेल्या कार्यालयाचा कारभार

बेळगावातील गुप्तवार्ता कार्यालयात झालेल्या नव्या नेमणुकीबद्दल आपले अभिनंदन. ती गुप्त आहे, हे आपण जाणताच. रेल्वे स्टेशनाबाहेर रिक्षात बसताना आपण सावधगिरी म्हणून दोन गल्ल्या अलीकडचा पत्ता सांगितलात, तेव्हा रिक्षावाल्याने ‘म्हणजे त्या बिनपाटीच्या ऑफिसात काय वो साहेब?’ असे विचारून आपल्याला थेट दारात नेऊन सोडले, त्यावरून ती किती गुप्त आहे याचाही अंदाज आपल्याला आला असेल. मनाला लावून घेऊ नका. ज्या जिल्ह्यात पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली आणि जिथे कर्नाटकाच्या कन्नडविषयक कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानदार आपल्या पाटीवर ६० टक्के कन्नड बसते की नाही या विवंचनेत आहे, तिथे पाटीच नसलेले कार्यालय डोळ्यांत भरणारच.

बातमी मिळवणे हे आपल्या कार्यालयाचे काम आहे, असा समज आपण प्रशिक्षणातून घेऊन आला असाल, तर तो पहिल्याच आठवड्यात सोडून द्यावा. बेळगावात बातमी मिळवावी लागत नाही. गणपत गल्लीत भाजी घेताना, टिळकवाडीत सकाळी पाय मोकळे करताना किंवा न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेले असताना ती आपसूक कानावर पडते. कठीण असते ते तिला आवक क्रमांक मिळवून देणे. आवक नोंदवहीत जी चढली नाही ती घटना घडलेलीच नाही, आणि जी एकदा चढली ती पुढे घडली नाही तरी तिच्यावरचा पाठपुरावा अहवाल बिचाऱ्या कारकुनाला पाठवत राहावा लागतो. म्हणून हाताखालच्या माणसाने चांगली बातमी आणली की ती खरी आहे का, असे अधीरपणे विचारू नये. ती कोणत्या धारिकेत बसते, असे विचारावे.

बातमीचा सर्वांत भरवशाचा स्रोत अर्थातच स्थानिक मराठी दैनिक होय. सकाळी त्यातून कात्रण कापावे, कागदावर चिकटवावे, वर ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते की’ एवढे जोडावे आणि शिक्का मारावा, म्हणजे सकाळी सहाला घरोघरी पडलेला मजकूर साडेअकरापर्यंत गुप्त होतो. उरलेल्या अंकाची मात्र व्यवस्था नीट लावावी. आमच्या पाहण्यातल्या एका कार्यालयात हे भोके पडलेले अंक महिनाअखेरीस रद्दीत जात, आणि रद्दीवाला ते उजेडाकडे धरून साहेबांनी कोणत्या दिवशी कोणती बातमी गुप्त ठरवली हे सावकाश पाहत असे. शेजारच्या किराणा दुकानात शाबूत अंक येत असल्यामुळे पडताळणीची सोयही त्याला होती.

गुप्त कागद दोन पाकिटांत घालून पाठवायचा असतो. आतल्या पाकिटावर गोपनीयतेचा शेरा आणि लाखेची मोहोर, बाहेरचे पाकीट साधे, जेणेकरून आत काय आहे याचा सुगावा कोणाला लागू नये. पद्धत उत्तम आहे. तिला फक्त लाख लागते. शिपाई मेणबत्तीवर कांडी फिरवतो, तीन थेंब पाकिटावर आणि एक स्वतःच्या अंगठ्यावर पाडतो, आणि कांडी संपली असे जाहीर करतो. नव्या कांडीसाठी मागणीपत्र, मागणीपत्रावर तीन दुकानांची दरपत्रके, आणि दरपत्रके मागवताना लाख कशासाठी हवी ते दुकानदाराला सांगता येत नाही म्हणून आणखी एक टिप्पणी. एवढ्यात ज्या मोर्चाची बातमी त्या पाकिटात होती तो निघून, पांगून, त्यातले लोक घरी जाऊन जेवून झोपलेलेही असतात. अशा वेळी पाकिटावरची तारीख बदलू नये. आतल्या वाक्यात ‘निघणार आहे’चे ‘निघाला’ करावे. व्याकरण बदलण्यास वरिष्ठांची मंजुरी लागत नाही.

आपल्या कार्यालयाचे पंचांग सोपे आहे; ते सगळे सीमाप्रश्नाभोवती, म्हणजे कर्नाटकात गेलेला हा मराठी मुलूख महाराष्ट्रात यावा या मागणीभोवती फिरते. १७ जानेवारीला सीमालढ्यात बळी गेलेल्यांचा हुतात्मा दिन. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनी, एकीकडे राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची निषेध फेरी. डिसेंबरच्या सुमारास इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन, त्यावर उत्तर म्हणून मराठी भाषकांच्या महामेळाव्याची घोषणा, आणि मग कोल्हापूरकडून येणाऱ्या नेत्यांना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवणे. १९५६ पासून १ नोव्हेंबर दरवर्षी १ नोव्हेंबरलाच येत आला आहे, तरीही प्रत्येक वर्षी तो आपल्या कार्यालयाला नव्याने आढळून आला पाहिजे. गेल्या वर्षीचाच मजकूर उतरवून काढायला हरकत नाही, पण वर्षाचा आकडा तेवढा आठवणीने बदलावा.

यातला खरा कसबाचा भाग भाषांतराचा आहे. चौकात घोषणा मराठीत होते, टिपण कन्नडमध्ये जाते आणि दिल्लीला इंग्रजी. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेतला सगळा जीव त्या ‘च’मध्ये आहे, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. कन्नडमध्ये ‘आगलेबेकु’ म्हटले की तो ‘च’ हातपाय न मोडता पलीकडे उतरतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाषांना हट्ट करण्याची सोय सारखीच आहे, आणि भांडणारी माणसे एकमेकांना इतकी नीट समजतात ती बहुधा त्यामुळेच. इंग्रजीत मात्र त्याला जागा नसते. तेव्हा दिल्लीच्या टेबलावर पोहोचते ते ‘काही व्यक्तींनी सीमेसंबंधी इच्छा व्यक्त केली’ एवढेच, आणि उलटटपाली विचारणा येते की ही इच्छा केव्हापासून आहे. या प्रश्नाला राज्य पुनर्रचनेचे १९५६ किंवा सीमातंट्यावरील महाजन आयोगाच्या अहवालाचे १९६७ किंवा महाराष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्याचे २००४ असे कोणतेही साल कळवू नये. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे कळवावे.

कामाच्या वेगाबद्दल मनात शंका आली, तर एक इतिहास लक्षात ठेवावा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेने शत्रूच्या ताब्यातील मुलखात घातपात करू इच्छिणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. कार्यालये आतून बंद पाडण्याचे उपाय तीत दिले होते: प्रत्येक गोष्ट ठरलेल्या मार्गानेच झाली पाहिजे असा आग्रह धरा, विषय समितीकडे सोपवा आणि समितीत पाचांपेक्षा कमी माणसे नसावीत हे पाहा, पत्रातल्या शब्दयोजनेवर वाद घाला, मागच्या बैठकीत ठरलेला विषय पुन्हा उकरून काढा. त्या अमेरिकनांना हे सर्व शोधून काढावे लागले. आपल्याकडे ते कार्यभाराबरोबर किल्ल्यांच्या जुडग्यात मिळते. निर्णय घेण्याची वेळ आलीच, तर टिप्पणीच्या समासात ‘कृपया बोला’, म्हणजे समक्ष येऊन चर्चा करा, असा शेरा मारावा आणि दौऱ्यावर निघावे.

माणसांच्या बाबतीत शिस्त महत्त्वाची. निपाणीच्या तंबाखू बाजारात कोणाच्या नजरेत न येता बसायचे आहे, त्या माणसानेही सकाळी दहाला बेळगावात येऊन यंत्रावर अंगठा लावलाच पाहिजे. तोवर बाजार उठतो, पण हजेरी लागते. तो परत जाताना टोलची पावती देयकात मंजूर होत नाही म्हणून नाक्यावर ओळखपत्र दाखवून सुटतो, आणि अशा रीतीने त्याचा चेहरा, हुद्दा आणि गाडीचा क्रमांक नाक्यावरच्या पोरांना पाठ होतो. त्याने कुरकुर केली तर घाबरू नये. १९८५ च्या कायद्याने गुप्तवार्ता संघटनांतील कर्मचाऱ्यांच्या संघटना बांधण्याच्या आणि वर्तमानपत्रांशी बोलण्याच्या हक्कांवर निर्बंध घातले आहेत, त्यामुळे कुरकुर भिंतीबाहेर जात नाही. बाहेरच्या कोणी माहिती अधिकारात काही विचारले, तर गुप्तवार्ता संघटनांना त्यातून वगळणारे २००५ च्या कायद्याचे कलम २४ हाताशी आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपांना त्यात अपवाद ठेवला आहे, हे वाक्य मुख्य तरतुदीच्या मागून येत असल्यामुळे तिथवर वाचत जाण्याची गरज सहसा पडत नाही. देशाच्या सुरक्षिततेसाठी केलेली ही तरतूद खुर्च्यांच्या खरेदीलाही तितकीच उपयोगी पडते, हे आपल्याला लवकरच दिसून येईल.

राहता राहिला पैसा. खबऱ्याला द्यायच्या रकमेचा तपशील लेखापरीक्षकापुढे मांडावा लागत नाही, वरिष्ठांच्या प्रमाणपत्रावर भागते. लाखेच्या कांडीला मात्र तीन दरपत्रके. यातून शहाण्या माणसाने काय तो बोध घ्यावा. या दोहोंच्या मधोमध लटकतो तो चहा. तो ना स्टेशनरीत बसतो, ना गुप्त सेवेत, म्हणून समोरच्या टपरीवाल्याची उधारीची वही वाढत जाते. ही वही एकदा अवश्य मागून पाहावी. एरवी रोज अकरा चहा. बंगळूरचे साहेब आले की चोवीस, त्यात एक बिनसाखर. दिल्लीचे आले की दोन बिनसाखर आणि एक काळा. मागच्या डिसेंबरात किती दिवस आधी धावपळ सुरू झाली, कोणत्या रात्री कार्यालय उघडे राहिले, कोणता साहेब मेळाव्याच्या आदल्या दिवशीच परत गेला, सगळे त्यात तारीखवार आहे, तेही पेन्सिलीने आणि शिक्क्याशिवाय.

३१ ऑक्टोबरच्या दुपारी वरून दोन पाकिटांतले पत्र येईल, की उद्या आपल्या क्षेत्रात काही घडण्याची शक्यता आहे काय ते तातडीने कळवावे. आपण उत्तराचा मसुदा करायला बसलेले असाल तेवढ्यात टपरीवरचा पोरगा दारात उभा राहून विचारील, ‘साहेब, उद्या तीस लागतील की? दोन बिनसाखर धरून?’ त्याला ‘कृपया बोला’ म्हणून चालणार नाही. दूध आजच सांगून ठेवावे लागते.